फिरता मळा

चौकशी समितीचे म्हणणे असे, की ‘फिरता मळा’ हे शैक्षणिक उपकरण पूर्णतः सुरक्षित होते, विद्यार्थिनीला झालेली इजा तिच्या अतिउत्साहामुळे झाली, आणि त्यानंतर तिच्या वडिलांनी कोणतीही चिथावणी नसताना प्रशिक्षकावर जीवघेणा हल्ला केला.

वाक्य सुबक आहे. मात्र हा ‘मळा’ म्हणजे एक चाक, आणि ते समितीने फिरताना पाहिलेच नाही. समिती आली तेव्हा ते आडवे पडलेले होते आणि त्याच्या आऱ्यांवर कोंबड्या बसत होत्या. त्या अवस्थेत ते सुरक्षित होतेच, कोंबड्यांनीही तक्रार केलेली नाही. ज्या मुलीला अतिउत्साह चिकटवण्यात आला, तिच्या तळहातांवर त्याच आठवड्यातले छडीचे वळ होते. वळ उठलेल्या हातांनी उत्साह दाखवण्याची रीत अजून कुठल्या शास्त्रात नोंदली गेलेली नाही. राहिली चिथावणी. ती उन्हाळा लागल्यापासून शाळेच्या वेळात, घंटा झाल्यावर, रोज दिली जात होती.

शाळेच्या मागे विहीर होती आणि विहिरीला लागून भाजीचा मळा. जमीन शाळेची, राबणारा मळेकरी. आधी त्याच्या बापाने तो कसला, पुढे त्याने. मधल्या सुट्टीत मुले वाफ्यांतून हिंडत, मुळा उपटून चड्डीला पुसत आणि कचाकचा खात. मळेकरी ढेकळे फेकून मारी, बहुतेक वेळा नेम चुकवून. कोणत्या पानाला कीड लागते, पाणी कुठल्या वेळी द्यायचे, हे मुलांना शिव्यांसकट कळत असे. या पद्धतीला नाव नव्हते, त्यामुळे ती पद्धत नव्हती.

नाव घेऊन आला तो चाकसर. हे मुलांनी ठेवलेले नाव. हुद्दा ‘कृषिसंस्कार प्रशिक्षक’ असा होता. गळ्यात शिट्टी, हातात वेताची छडी, आणि मातीत उभे राहताना एकेक पाय उचलून बुटाचा तळ पाहण्याची सवय. त्याच्यामागून खोकी आली. पहिल्या खोक्यात पेरते बूट निघाले. तळव्याला भोक, आत बी. मुलाने उडी मारली की एक दाणा खाली पडायचा. मुलांनी भुसभुशीत केलेल्या वाफ्यांवर दुपारभर उड्या मारल्या. माती तुडवून तुडवून फरशीसारखी झाली, दाणे वर पडून राहिले आणि संध्याकाळी चिमण्यांनी वेचून नेले. दुसऱ्या खोक्यात डोक्यावरच्या बागा होत्या, म्हणजे ओल्या मातीने भरलेल्या टोप्या. ज्याची माती सांडेल त्याला छडी. एका मुलाची मान दोन दिवस वळत नव्हती. तिसऱ्यात बोलकी कुंडी होती. तिच्यातली माती सुकली की आतून एक बाई लाडिक आवाजात म्हणायची, “मला तहान लागली आहे.”

विहीर तेव्हा तळाला चालली होती. कुंडी दिवसभर बोलत असे.

चौथे आले ते चाक. ते खोक्यात मावण्याजोगे नव्हते. सुटे भाग आले आणि जोडणीचे काम लोहाराला मिळाले. लोहार मळेकऱ्याचा मेहुणा, शाळेतल्या मुंगीचा मामा. मुंगी हे मळेकऱ्याच्या मुलीचे घरचे नाव. सारखे काही ना काही ओढून आणत असते, म्हणून.

“दाजी, हे उभं करायचं कुठं?” मामाने विचारले.

चाकसराने काकडीच्या वाफ्याकडे छडी केली. वेल फुलावर आले होते.

“सर, आठवडाभर थांबा,” मळेकरी म्हणाला. “पहिला तोडा होऊ दे. मग मीच उपटून देतो.”

“एका चाकावर तुझ्या अख्ख्या मळ्याइतकी भाजी येणार आहे. काकडीचं काय घेऊन बसलास?”

“पण सर, सिमेंट खाली नीट बसायचं नाही, वेल कुजले की पोकळी...”

“इंजिनियर आहेस का?”

मिक्सर आला. मळेकरी बाजूला उभा होता. वेल उपटायला तो वाकला तेव्हा चाकसराने शिट्टी वाजवली आणि सिमेंट ओतले गेले. ते वेलींवर सावकाश पसरत गेले. पिवळी फुले काही वेळ वर तरंगली, मग बुडाली. एक लव असलेली कोवळी काकडी बाहेर राहिली होती. मजुराने ती थापीने आत दाबली.

मळ्यातली विहिरीलगतची पट्टी तेवढी उरली. तिच्यावर टोमॅटो, कोबी आणि भोपळ्याचे वेल होते.

“पाहुणे बघायला येणार आहेत,” चाकसर म्हणाला. “ते खूश झाले तर पट्टी तुझ्याकडेच राहील. नाहीतर तिथं दुसरं चाक.”

पाहुणे खूश झाले तर चाके वाढतील आणि नाराज झाले तरी चाकच येईल, हे मळेकऱ्याच्या बायकोने त्याच दिवशी ओळखले. “याला म्हणतात दोन्ही हातांनी वाढून घेणं,” ती म्हणाली. पण शब्द मिळाला होता आणि मळेकऱ्याला शब्द धरून बसण्याची खोड होती.

चाक उभे राहिले. शाळेच्या दारापेक्षा उंच, कडेला चहूबाजूंनी पत्र्याचे डबे घट्ट बसवलेले, प्रत्येक डब्याच्या तोंडावर जाळी आणि जाळीतून एक रोप. दोन मुलांनी सायकलीची पायडल मारली की साखळीने चाक फिरे. प्रत्येक रोपाला सर्व बाजूंनी समान ऊन मिळावे, ही कल्पना. वर असताना पाणी घातलेला डबा अर्ध्या फेऱ्यात पालथा होई आणि पाणी, सुटलेल्या मातीसकट, पायडल मारणाऱ्यांच्या डोक्यावर पडे. रोपांना वर कुठे आणि खाली कुठे हे कळेना. ती आधी आकाशाकडे वळत, मग जमिनीकडे, मग पुन्हा आकाशाकडे, आणि अशी पिळत पिळत दोरीसारखी झाली.

“याच्यावर वाळवण टाका,” मामा म्हणाला, “दोन्ही बाजूंनी वाळेल.”

मळेकऱ्याचे दिवस आता असे जात. उजाडताना विहिरीत उतरायचे, खरवडून पाणी भरायचे, कावडीने वर आणायचे. पहिले पाणी चाकाला. मुले यायच्या आत शिडीवर चढून डबे ओले करायचे. उरले तर पट्टीला. बायको खालून बादल्या देई. तिच्या तळव्यांना दोराचे घट्टे पडले होते, त्यातला एक फुटून त्यातून पाणी येत होते; ती पदराने तो पुसे आणि पुढची बादली उचले. त्याच्या खांद्यावर कावडीने कातडे गेले होते. तिथे माश्या बसत. हात मोकळे नसल्याने तो तोंडाने फुंकर मारून त्या उडवी.

संध्याकाळी मुंगी पट्टीवर येई आणि बापलेक टोमॅटोला काठ्या लावत. चिंधी काठीभोवती आवळायची, देठाभोवती मात्र सैल ठेवायची. गाठ मारण्यापूर्वी मळेकरी म्हणे, “घाल बोट.” मुंगी देठ आणि चिंधी यांच्यामध्ये तर्जनी घाली. बोट अडकले तर गाठ घट्ट झाली. आरामात आतबाहेर झाले तर बरोबर. तो स्वतः लहान असताना त्याच्या बापाने त्याचे बोट असेच वापरले होते.

एकदा तिने एकटीनेच रोप बांधले, फार आवळून. दुसऱ्या दिवशी चिंधी रुतून देठ कापला गेला होता. मळेकऱ्याने तिच्या कानशिलात भडकावली. ती कोबीवर जाऊन पडली.

“वाढता जीव आहे तो! गळा आवळतेस त्याचा?”

बायकोने रिकामी बादली त्याच्या पाठीवर मारली. पत्रा वाकला.

“त्या चाकवाल्यापुढं शेपूट घालता, आणि हिच्यावर हात उचलता? जा की त्याच्या मुस्काटात मारा!”

मळेकऱ्याने वाकलेली बादली गुडघ्यावर ठेवून सरळ केली, मुंगीला उठवले आणि तिच्या केसांतली माती झटकली. मुंगी म्हणाली, “सरांपेक्षा तुमचं कमी लागतं, बाबा.” मग मुठी उघडून तिने हात दाखवले.

चाकावर प्रत्येक मुलाच्या नावचा एक डबा होता, मुंगीचा तळाशी. त्यातले रोप मेले होते. ज्याचे रोप मेले त्याने ते डब्यासकट सोडवून डोक्यावर घेऊन मैदानात उभे राहायचे आणि मग हात पुढे करायचे, असा नियम होता. मुलाला वनस्पतीविषयी आपुलकी वाटावी, हा त्यामागचा हेतू.

दुसऱ्या दिवशी मळेकरी मोठ्या बाईंकडे गेला. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी त्याला दारातच थांबवले, कारण फरशी नुकतीच पुसलेली होती.

“बाई, लेकराचे हात बघा.”

“अरे, मी काय करणार? वरून आलेला माणूस आहे.” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. “पाहुणे येऊन जाऊ देत. तोवर दमानं घे.”

तो दमाने घेऊन परत आला. बोलकी कुंडी व्हरांड्यात म्हणत होती, “मला तहान लागली आहे.”

पाहुण्यांचा दिवस ठरला तेव्हा चाकावर एकही रोप जिवंत नव्हते. चाकसराने चाकाभोवती फेरी मारली, दोन-तीन डब्यांवर छडी वाजवली आणि मळेकऱ्याला हाक मारली.

“तुझ्या पट्टीवर काय काय आहे?”

“टोमॅटो हिरवेच आहेत, सर. कोबी अजून गाभ्यात. भोपळे कोवळे.”

“सगळं तोड. चाकावर बांध. वेलीपानांसकट. उद्या पाहुणे यायच्या आत.”

मळेकऱ्याने पट्टीकडे पाहिले. “ज्या पट्टीसाठी... सर, पट्टीच संपेल मग.”

“जमीन कुठं जात नाही. जमीन तुझ्याकडेच राहील. बोललोय ना मी?” चाकसर मामाकडे वळला. “आणि ए लोहार, ही बाजूची जाळी काढ.”

चाकाचे आरे जिथे खांबाजवळून जात, तिथे मामाने जोडणीच्या वेळीच लोखंडी जाळी बसवली होती.

“सर, इथं बोटं जातील पोरांची.”

“जाळीमुळं फोटोत भाजी दिसत नाही. आणि मुलांना शिस्त आहे.”

“फोटोत काय दिसायचंय? चाकाच्या प्रगतिपुस्तकात भोपळा तेवढा खरा, तोही दाजींचा.”

“तोंड आवर. तुझं बिल अजून माझ्या सहीचं आहे.”

मामाने जाळी काढली. नटबोल्ट त्याने खिशात ठेवले, ‘पाहुणे गेले की लावतो’ असे म्हणत. चौकशी समितीला ते नटबोल्ट दाखवण्यात आले होते. समितीने ते पाहिले, आणि नटबोल्ट उत्तम दर्जाचे असल्याचे नमूद केले.

उजाडता उजाडता तिघे पट्टीत शिरले. मळेकरी तोडत होता, बायको पाटीत भरत होती, मुंगी पाने वेचत होती. कोवळ्या भोपळ्याचा देठ कापला की चीक येतो. मळेकऱ्याचे हात कोपरापर्यंत चिकट झाले. सूर्य वर आला तेव्हा पट्टीवर नुसत्या काठ्या उरल्या होत्या, आणि चिंध्यांच्या रिकाम्या गाठी.

मग बांधायला सुरुवात झाली. मळेकरी शिडीवर, बायको खाली. तिच्या हातात तार होती. एकेक देठ डब्याच्या जाळीला लावून ती तीन वेढे देई आणि पक्कडीने पीळ घाली. तळाशी मुंगीचा डबा होता. त्याला बायकोने सर्वांत मोठा भोपळा लावला, तार करकचून.

मळेकरी शिडीवरून उतरला. त्याने तो भोपळा पाहिला. तार देठात रुतली होती, कडेने चीक आला होता. त्याने पक्कड घेऊन पीळ उलगडला आणि कमरेची चिंधी काढली.

“अहो, कशाला सोडता? पडेल तो.”

“रुतलीय.”

“रुतू दे की.”

त्याने चिंधीचा वेढा घातला. “मुंगे, घाल बोट.”

मुंगीने बोट घातले. आतबाहेर केले. “बरोबर आहे, बाबा.”

तेवढ्यात शिट्टी झाली. मुंगी मुलांत गेली आणि नवराबायकोला मागल्या बाजूला, विहिरीकडे, पिटाळण्यात आले. पाहुण्यांसमोर मळक्या कपड्यांचे कोणी नको होते.

मुले चाकाभोवती उभी राहिली, प्रत्येक जण आपल्या डब्याच्या जवळ. चाकसर त्यांच्यासमोरून गेला. त्याने हळू आवाजात जे सांगितले ते नंतर वर्गातल्या प्रत्येक मुलाने तोंडपाठ म्हणून दाखवले: “ज्याच्या डब्यातलं काही पडेल, त्याच्या हाताची सालं काढीन.” अतिउत्साहाचा उगम शोधणाऱ्यांनी तो इथे शोधावा.

पाहुणे आले, खुर्च्यांवर बसले. मोठ्या बाईंनी स्वागत केले. दोन मुले पायडलवर चढली. चाक फिरू लागले आणि हिरवे टोमॅटो, कोबीचे गड्डे, वेलींचे हार उन्हात वर गेले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, “आमच्या लहानपणी हे असं काही नव्हतं हो.”

दुसऱ्या फेऱ्यात मुंगीचा भोपळा चिंधीतून निसटला. तो खाली न पडता आरा आणि खांब यांच्यामध्ये अडकला. चाक हिसका बसून थांबले. मुले पायडलवर उभी राहिली, तरी ते हलेना.

मुंगी पुढे झाली. तिने उजवा हात आत घातला आणि भोपळा ओढू लागली.

चाकसराने शिट्टी फुंकली. एक लांब शिट्टी म्हणजे ‘जोरात’. मुलांना तेवढेच शिकवलेले होते.

भोपळा फुटला आणि चाक सुटले. आरा तिच्या हातावरून गेला, हात खांबावर दाबला गेला, आणि लोखंडावर ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ती लगेच ओरडली नाही. मुले पायडल मारतच होती. चाक आणखी पाव फेरा गेले आणि तिला चवड्यांवर उचलत गेले. मग ती ओरडली. पायडलवरच्या एका मुलाने मागे पाहिले आणि तिथेच ओकला.

मामाने धावत येऊन साखळीत पहार घातली. चाक थांबले. त्याने आरा वाकवून हात सोडवला. दोन बोटे नव्हती, म्हणजे होती, पण हाताला नव्हती.

पाहुणे उभे राहिले होते. छायाचित्रकार अजून कॅमेरा डोळ्याला लावून होता. चाकसर त्याच्यापुढे आडवा झाला आणि मुलांकडे वळून ओरडला, “तो भोपळा उचला आधी तिथून! रक्त दिसतंय त्याच्यावर!”

हे वाक्य पहिल्या रांगेतल्या सर्वांनी ऐकले. समितीसमोर ते कोणालाच आठवले नाही. पण विहिरीकडून धावत येणाऱ्या मळेकऱ्याने ते ऐकले होते. त्याच्या हातात फावडे होते. ते त्याने मुद्दाम आणले नव्हते; ते उन्हाळाभर त्याच्या हातात होतेच.

पहिला दांडा गुडघ्यावर बसला. चाकसर खाली बसला, जणू कोणी त्याला बसायला सांगितले होते. दुसरा जबड्यावर. शिट्टी त्याने पुन्हा दातांत धरली होती. तिच्यातून एक बारीक आवाज निघाला आणि तीन दातांसकट ती मातीत पडली. मळेकऱ्याने तिसऱ्यांदा फावडे उचलले, आणि या वेळी त्याने पाते खाली केले.

मामाने त्याला मागून कवेत धरले. “दाजी, सोडा. दाजी! पोरगी बघा. पोरीला बघा आधी!”

मळेकऱ्याने फावडे टाकले. पाहुणे गाड्यांकडे पळत होते, मोठ्या बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. मळेकऱ्याच्या बायकोने मुंगीचा हात पदरात गुंडाळला होता आणि तो पदर दोन्ही हातांनी आवळत होती. चाकसर तोंडावर हात धरून कण्हत होता. व्हरांड्यातल्या कुंडीकडे त्या दिवशी कोणाचे लक्ष गेले नव्हते. ती म्हणाली, “मला तहान लागली आहे.”

चाक नंतर मामाने पाडले, बाकीच्यांनी हात लावला. सिमेंट खालून पोकळ निघाले. एवढा मोठा सांगाडा, पण दोन हिसक्यांत आडवा झाला.

मुंगीची तर्जनी आणि मधले बोट गेले. विहिरीलगतची पट्टी त्याच आठवड्यात मळेकऱ्याकडून काढून घेण्यात आली.

चौकीत फौजदार समंजस होता. त्याने मळेकऱ्याला बाकावर बसवले, पाणी दिले आणि वाट काढून दिली. “हे बघ, डोकं फिरलं होतं म्हण. पोरीचं रक्त बघून भान गेलं म्हण. कुणालाही पटेल. चाकाची चूक, माणसांची चूक, सगळं त्यांच्याच अंगावर येतंय. तू फक्त तेवढंच म्हण.”

मामाही दारातून म्हणाला, “दाजी, म्हणा हो तेवढं.”

इथवर जे सांगितले त्यावरून मळेकऱ्याने ते म्हणायला काहीच हरकत नव्हती. त्याने पाणी प्यायले नाही. तो जे बोलला ते फौजदाराने थांबवण्याचा दोनदा प्रयत्न केला, आणि मग तसेच्या तसे लिहून घेतले:

“भान होतं. दोनदा मारलं आणि तिसऱ्यांदा मारणार होतो, मेहुण्यानं धरलं म्हणून राहिलं. ते माझ्यावर लिहा, मला त्याचं काही नाही. पण त्याच्या आधीचं लिहा. भोपळा बायकोनं तारेनं बांधला होता, पक्का. तो पडला नसता. मी तार सोडली आणि चिंधीनं सैल बांधला. आम्ही सैलच बांधतो साहेब, देठ वाढतो, मग गाठ रुतते. बोट जातंय का बघ म्हणून तिलाच घालायला लावलं. तेच बोट. तो भोपळा तोडलेला होता, सकाळी मीच तोडला होता. तो आता वाढणार नव्हता. हाताला ते सांगायचं राहून गेलं.”